मिसळणाचा डबा आणि कचेरीतील संगणक

ठाण्याच्या खाडीवरील पूल ओलांडला कीं कळवा गांव लागतें, आणि कळव्याहून दक्षिणेस निघालेल्या ठाणें-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची रांग सुरू होते. या रस्त्यानें दोन पिढ्या कळव्या-ठाण्यांतील किती तरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आमचें घर त्यांपैकींच एक. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, त्या रस्त्यावरील एका कारखान्याच्या स्टोअरवर अठ्ठावीस वर्षें नोकरीस होते. कोणत्या फडताळाच्या कोणत्या खणांत किती इंची बोल्ट आहेत, हें त्यांस वही न उघडतां सांगतां येई. कारखान्यांतील साहेब बदलले, यंत्रें बदललीं. परंतु ‘स्टोअरचें काय तें दादांना विचारा’ हा परिपाठ बदलला नाहीं.

अशा माणसास एके दिवशीं कारणें दाखविण्याची नोटीस आली!

त्याचें असें झालें. कारखान्यानें कागदी वह्या बंद करून सारा कारभार संगणकावर नेला. मालाची खरेदी, साठा, वांटप, हिशेब, पगार, सगळें एकाच प्रणालींत. कल्पना उत्तम होती. परंतु तारीख, जिन्नस, नग आणि घेणाऱ्याची सही अशा एका ओळींत पूर्वीं जें काम होई, त्यासाठीं दादांना आतां चार पानें पालटून अकरा रकाने भरावे लागूं लागले. त्यांतील सात रकान्यांचा त्यांच्या कामाशीं काडीचाहि संबंध नव्हता. ते हिशेबखात्याच्या सोयीचे होते. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यांत ‘परिमाण’ या नांवाचा एक बारीक रकाना होता, आणि तो आपोआप ‘पेटी’ असा भरून येई. दादांनीं चाळीस बोल्ट दिले, चाळीस हा आंकडा घातला, आणि संगणकानें चाळीस पेट्या खर्चीं टाकल्या. साठा संपला असें समजून त्यानेंच पुढें खरेदीची मागणी रवाना केली. महिन्याभरानें बोल्टांनीं भरलेला टेंपो दारांत उभा राहिला, तेव्हां स्टोअरचीं फडताळें आधींच भरलेलीं होतीं.

त्या रात्रीं पानावर बसल्यावर दादा म्हणाले, “आतां आपल्यानें हें निभावायचें नाहीं. राजीनामा देऊन मोकळें व्हावें म्हणतों.”

पुतणीचें शिक्षण अजून अर्ध्यावर होतें. वहिनींचा वाढता हात थांबला. पुतण्या कॉलेजांत जाणारा, तो सहज बोलून गेला, “बाबा, अहो इतकें कांहीं अवघड नाहीं तें. नीट पाहून भरायला हवें, एवढेंच.” दादा कांहीं बोलले नाहींत, पानावरून उठले मात्र लौकर. खरें सांगावयाचें तर माझ्याहि मनांत त्या वेळीं पुतण्याचेंच म्हणणें होतें. तें चुकीचें होतें हें मला पुढें कळलें, आणि तें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

‘नीट पाहून भरावें’ हा उपदेश किती तोकडा आहे, याचें एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजीं अमेरिकेंतील सिटीबँकेस रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनें करणाऱ्या कंपनीच्या सावकारांकडे सुमारें ७८ लाख डॉलर व्याज पोंचतें करावयाचें होतें. व्याज तेवढें बाहेर जावें आणि मुद्दलाची रक्कम बँकेच्याच एका अंतर्गत खात्यांत वळावी, असा बेत होता. त्याकरितां पडद्यावरील तीन निरनिराळ्या चौकटींत खूण करून तेथें त्या अंतर्गत खात्याचा क्रमांक घालावा लागे. काम करणाऱ्यानें ‘मुद्दल’ असें नांव असलेल्या एकाच चौकटींत खूण केली. मुद्दल वळवावयाचें आहे आणि चौकटीवर मुद्दल असेंच लिहिलें आहे. मग तेवढें पुरेसें वाटावें यांत नवल तें काय? दुसऱ्यानें तपासलें, तिसऱ्यानें मंजुरी दिली; पहिले दोघे भारतांत, तिसरा अमेरिकेंत. तिघांच्या सहा डोळ्यांना सर्व ठीक दिसलें. पडद्यानें इशारा दिला तो इतकाच, कीं पैसे बँकेबाहेर जातील. किती जातील हें त्यानें सांगितलें नाहीं. व्याज तर बाहेर जावयाचेंच होतें, त्यामुळें तो इशारा कोणास खटकला नाहीं. आणि बँकेच्या पदरचे, व्याज व मुद्दल मिळून, सुमारें ९० कोटी डॉलर सावकारांच्या घरीं जाऊन पडले! त्यांपैकीं सुमारें ५० कोटी डॉलर परत करण्याचें कांहीं सावकारांनीं नाकारलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें न्यायालयाचा निकाल बँकेविरुद्ध गेला. सप्टेंबर २०२२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला, तेव्हां कोठें बँकेचा जीव भांड्यांत पडला.

या कथेंत आपल्याकडील वाचकांस विशेष वाटावें असेंहि कांहीं आहे. ज्या प्रणालीवर हें घडलें ती ‘फ्लेक्सक्यूब’ ही मुंबईंत वाढलेल्या ‘आय-फ्लेक्स सोल्यूशन्स’ या कंपनीची निर्मिति होय. २००५ पासून ही कंपनी ओरॅकल या अमेरिकन कंपनीच्या छत्राखालीं गेली. जगांतील शेंकडों बँकांनीं जी प्रणाली घेतली तिला कुचकामी कोण म्हणेल? तिचा हिशेब चुकला नव्हता. तिला जें सांगितलें गेलें तें तिनें तंतोतंत केलें. चुकला होता तो माणूस आणि यंत्र यांच्यामधील संवाद. आमच्या दादांच्या चाळीस बोल्टांचें आणि त्या नव्वद कोटी डॉलरांचें दुखणें एकच होतें. फरक एवढाच, कीं बँकेच्या बाबतींत न्यायालयांत पडद्याची चिकित्सा झाली. दादांच्या बाबतींत दोष थेट दादांच्या पदरीं आला.

हा संवाद इतका बिघडतो कां? रचणारे हुशार नसतात म्हणून नव्हे. जर्मनींत १९७२ सालीं आयबीएम या कंपनींतून बाहेर पडलेल्या पांच जणांनीं ‘सॅप’ नांवाचा उद्योग काढला. कारखान्याचीं सर्व खातीं एका सूत्रांत ओंवण्याचें काम त्यांनीं असें साधलें, कीं जगांतील पुष्कळ मोठे कारखाने आज त्या प्रणालीवर चालतात. परंतु तिची जुनी भाषा पाहा. विक्रीची मागणी नोंदवावयाची तर ‘व्हीए०१’ असें लिहावयाचें. खरेदीची असेल तर ‘एमई२१एन’. बाहेरून माल आला तर १०१ हा आंकडा, खर्चखात्यावर दिला तर २०१, एखाद्या कामाच्या हुकमावर दिला तर २६१. हीं नांवें यंत्राच्या पोटांतील कपाटांचीं आहेत, माणसाच्या मनांतील कामांचीं नव्हेत. रचणारा आपल्या कपाटांच्या क्रमानें पडदा मांडतो आणि बाहेरच्या माणसानें तो क्रम पाठ करावा अशी अपेक्षा धरतो.

दुसरें कारण याहून खोल आहे. अशा प्रणाली विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. घेणारा साहेब ‘यांत काय काय आहे’ याची लांबलचक यादी पाहून भुलतो. त्याला स्वतःला त्या पडद्यापुढें आठ तास बसावयाचें नसतें. ज्याला बसावयाचें असतें त्याला कोणी विचारीत नाहीं. पूर्वीं मुलीला न विचारतां लग्नें ठरत, आणि पुढें तिचें जमलें नाहीं म्हणजे ‘हिलाच नांदतां येत नाहीं’ म्हणून बोल लावीत. आमच्या सुशिक्षित घरांनीं ती चाल केव्हांच सोडली. कचेऱ्यांनीं अजून सोडलेली नाहीं, असें म्हणावेंसें वाटतें.

हें सारें मी एका दुपारीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वहिनींस सांगत होतों. त्या फोडणी घालीत होत्या. ऐकून घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा तो संगणक म्हणजे एखाद्या पुरुषानें लावलेल्या स्वयंपाकघरासारखा दिसतो. सगळे डबे सारखे, सगळे एका रांगेंत, आणि मीठ माळ्यावर!”

मीं हंसलों खरा, परंतु डोळे त्यांच्या हाताशीं असलेल्या मिसळणाच्या डब्याकडे गेले. वाटोळा डबा, आंत मोहरी, जिरें, हळद, तिखट, मेथी, धने यांच्या वाट्या, मध्यें हिंगाची डबी आणि लहानसा चमचा. रोज लागणारें तेवढेंच त्यांत, आणि तें सर्व एका झांकणाखालीं. तेल तापलें असतां चिठ्ठ्या वाचण्यास सवड नसते. म्हणून तेथें चिठ्ठ्याच नाहींत, रंगावरून आणि रूपावरून वस्तु कळते. जायफळ व केशर टाकून दिलेलें नाहीं; तें फडताळांत आहे, श्रीखंडाच्या दिवशीं काढावें. हा डबा कोणा अभियंत्यानें आंखला नाहीं. चुलीपुढें उभें राहून ज्यांचे हात पोळले, त्यांच्या अनुभवानें तो पिढ्यान् पिढ्या घडत आला. किचकट प्रणाली सोपी करण्याचें सारें शास्त्र त्या डब्यांत आहे, असें मला तेव्हां वाटलें आणि अजूनहि वाटतें.

पुढें कारखान्यांत अशा चुका इतरांच्या हातूनहि होऊं लागल्या, तेव्हां प्रणाली पुरविणाऱ्या मंडळींकडून एक तरुण मुलगी चौकशीस आली. तिनें व्याख्यान दिलें नाहीं, शिकवणी घेतली नाहीं. दोन दिवस ती दादांच्या शेजारीं स्टुलावर बसून नुसती पाहात होती. दुसऱ्या दिवशीं तिचें लक्ष संगणकाच्या बाजूस सुतळीनें टांगलेल्या एका चोपडीकडे गेलें. दादांनीं तींत स्वतःकरितां टिपून ठेवलें होतें: ‘तिसऱ्या पानावर पेटी पुसून नग करणें. हिरवें बटण दोनदां दाबूं नये, दोन नोंदी होतात. पांचवा रकाना रिकामा सोडल्यास चालतें.’

“काका, ही चोपडी मला दोन दिवस द्याल का?” तिनें विचारलें.

“अहो ताई, ती अडाण्याची वही आहे,” दादा संकोचून म्हणाले.

“नाहीं काका. ही आमच्या चुकांची यादी आहे.”

हें वाक्य दादांनीं घरीं येऊन सांगितलें तेव्हां त्यांचा आवाज किंचित् कांपत होता. चार महिन्यांनीं पडदा बदलून आला. अकरा रकान्यांचे चार झाले. उरलेले संगणक स्वतःच भरूं लागला, कारण तीं उत्तरें त्याच्यापाशीं आधींच होतीं. ‘नग’ हा शब्द आंकड्याला चिकटून मोठ्या अक्षरांत आला. आणि नोंद पक्की होण्यापूर्वीं साध्या मराठींत एक ओळ उमटूं लागली: ‘आपण ४० नग बोल्ट देत आहां.’ पुढें शिल्लकहि दिसे. सिटीबँकेच्या पडद्यावर एवढी एक ओळ रकमेसह उमटती तर!

बाहेरच्या जगांत जेथें जेथें अशी सुधारणा झाली, तेथें हाच मार्ग दिसतो. आपल्याकडील टॅलीचें उदाहरण घ्या. श्याम सुंदर गोएंका व त्यांचे चिरंजीव भारत गोएंका यांनीं १९८६ सालीं आरंभिलेल्या उद्योगांतून ही हिशेबाची प्रणाली निघाली. प्रत्येक खात्यास सांकेतिक क्रमांक देण्याची तेव्हां चाल होती. टॅलीनें ती मोडली. ज्याचें खातें त्याचें नांव लिहावें, क्रमांक पाठ करूं नये. कीर्द-खतावणी लिहिण्यांत हयात गेलेल्या मुनिमास संगणक आपलासा वाटला तो या एका सवलतीनें. गांवोगांवच्या दुकानांत ही प्रणाली पोंचली, आणि २०२० सालीं भारत गोएंका यांस पद्मश्री मिळाली. सॅपलाहि पुढें उपरति झाली. २०१३ सालीं तिनें ‘फिओरी’ या नांवानें, रजेचा अर्ज, खरेदीची मंजुरी अशीं नेहमीं लागणारीं पंचवीस कामें निवडून त्यांना साधे, सुटसुटीत पडदे दिले. हा मिसळणाचा डबाच नव्हे काय? प्रथम त्याचे वेगळे पैसे मागितले. तेव्हां ग्राहक कुरकुरले, कीं अवघड वस्तु आम्हांस विकलीत, आतां ती सोपी करण्याचीहि किंमत आम्हींच द्यावी काय? २०१४ सालीं कंपनीनें ती आकारणी सोडून दिली.

सरकारी कारभारांतहि असे धडे आहेत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां व्यापाऱ्यानें महिन्यास तीन विवरणपत्रें भरावीं अशी योजना होती. त्यांतील दुसरें व तिसरें त्याच वर्षीं थांबवावें लागलें. पुढें जून २०२० पासून, ज्याचा महिन्याचा व्यवहार शून्य आहे त्याला तें मासिक विवरण मोबाईलवरून १४४०९ या क्रमांकावर एका ओळीचा संदेश पाठवून भरतां येऊं लागलें. उत्तरीं येणारा संकेत उलट पाठविला कीं काम झालें. ज्याला सांगण्यासारखें कांहींच नाहीं, त्याला पानेंच्या पानें ‘कांहीं नाहीं’ असें लिहावयास कां लावावें?

आणि सातबारा! कोंकणांत किंवा देशावर ज्यांची चार गुंठे जमीन आहे, त्या प्रत्येक घरांत या कागदावरून कधीं ना कधीं डोकीं तापलेलीं असतात. संगणकांतून निघणाऱ्या या उताऱ्याचा नमुना महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें बदलला. पूर्वीं खातेक्रमांक ‘इतर हक्क’ या रकान्यांत जाऊन बसे. तो आतां खातेदाराच्या नांवासमोर आला. दोन खातेदारांच्या नांवांमध्यें रेघ आली. शेवटचा फेरफार कोणता व कोणत्या तारखेचा, हें स्पष्ट दिसूं लागलें. प्रलंबित फेरफार निराळा दाखविण्यांत आला. कायदा बदलला नाहीं, जमीन बदलली नाहीं, मांडणी बदलली. परंतु जमिनीवर आपलें नांव आहे कीं नाहीं हें विधवा काकूस स्वतः वाचतां येणें, आणि तें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागणें, यांत केवढें अंतर आहे, हें वाचकांस सांगावयास नकोच.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. ‘सोपें, सोपें’ म्हणून सगळें चित्रमय केलें तर मुरलेल्या माणसाची गति मारली जाते. दिवसाला दोनशें नोंदी करणाऱ्या कारकुनाचीं बोटें ‘व्हीए०१’ डोळे मिटून लिहितात; त्याला चित्रें शोधीत बसावयास लावणें म्हणजे सराईत सुगरणीच्या हातांतील चमचा काढून घेऊन तिला पाककृतीचें पुस्तक देणें होय. हा आक्षेप खरा आहे. म्हणून सुज्ञ रचनाकार नवी वाट काढतांना जुनी बुजवीत नाहीं. सोपें करणें म्हणजे उणें करणें नव्हे, बाळबोध करणेंहि नव्हे. ज्याला जें ज्या वेळीं हवें तें त्याच्या हाताशीं ठेवणें होय.

आणि हाताशीं काय ठेवावें हें वापरणाऱ्याकडूनच शिकावें लागतें. कळव्याहून फार दूर नसलेल्या पवईस, आय.आय.टी.मध्यें, १९६९ सालीं औद्योगिक अभिकल्पाचें केंद्र निघालें. २०१३ सालीं त्या केंद्रानें मोबाईलवर मराठी लिहिण्यासाठीं ‘स्वरचक्र’ नांवाचा कळफलक तयार केला. ‘क’ वर बोट ठेवलें कीं त्याच्या भोंवतीं का, कि, की, कु अशीं अक्षरें चक्राकार उघडतात. प्रत्येक मराठी मूल जी बाराखडी शाळेंत घोकतें तीच येथें किल्ली झाली. नवें पाठ करावयास नको. शिवाय अशी पारख करण्यास मोठा खर्चहि लागत नाहीं. याकोब नील्सन या अभ्यासकाचें म्हणणें असें, कीं पांच माणसांना काम करतांना शांतपणें पाहिलें, तरी रचनेंतील बहुतेक खोडी उघड्या पडतात. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास चार शितें पुरतात, हें आपल्या आजीबाईंस ठाऊकच होतें.

दादांनीं पुढें तीन वर्षें नोकरी केली आणि वेळ झाल्यावर सन्मानानें निवृत्त झाले. त्या नोटिशीबद्दल दिलगिरी कोणी दाखविली नाहीं. ती फायलींत तशीच राहिली. पुतणीचें शिक्षण मात्र पुरें झालें. ती चोपडी त्या मुलीनें परत पाठविली होती. दादांनीं ती जपून ठेवली आहे.

घरोघरच्या तरुण मंडळींस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. आजोबा बँकेच्या यंत्रापुढें थबकले, आईचा मोबाईलवरील अर्ज तिसऱ्यांदां फिसकटला, कीं आपण चटकन म्हणतों, “तुम्हांला जमायचें नाहीं, द्या इकडे.” त्या एका वाक्यानें काम होतें, पण माणूस एक पायरी खालीं उतरतो, आणि पुढच्या वेळीं तो पडद्याला हातच लावीत नाहीं. त्याऐवजीं “कोठें अडलें?” असें विचारून पाहा, आणि जेथें अडलें तें कागदावर टिपून त्या बँकेला किंवा कचेरीला कळवा. दहापैकीं नऊ वेळां असें आढळेल, कीं मीठ माळ्यावर ठेवलेलें होतें.